पाह्य, मूत!

ऐक व शीतल. मधात बोलू नको, हसू बी नको, फक्त ऐक, हसायचं कुठं ते मी सांगीन. शनिवारी दुपारी मी मीसेवात, त्या सरकारी दाखल्याच्या सेंटरात, कामावर बसली होती, समोर उत्पन्नाच्या दाखल्याची लाइन, एक बुढा आधार कार्ड काढून राह्यला होता, एकात एक तीन पिशव्या, अन् मोबाइल थरथरला. बाबानं फोटो धाडला होता. आमच्या ट्रकचा. बाजूनं काढलेला, नंबर प्लेट अर्धी कटलेली, बाबाचं बोट कोपऱ्यात. त्याच्याखाली आवाज. मले वाटलं काई कागदाचं काम असन, मी कानाले लावला, तं बाबा हिंदीत बोलून राह्यले: "भाई, ये गाडी है. मंगल को आ के ले जाओ. काटना है तो उधर ले जा के काटना, इधर गाँव में नहीं." एवढंच. मी अजून समजूनच घेऊन राह्यली होती तं दुसरा आवाज, मराठीत: "अर्पे, ते तुले चुकून आलं. पुसून टाक." पुसून टाक म्हने! मले रडू नाई आलं शीतल, राग बी नाई आला, नुसते कान गरम झाले, जसं कोनी कानाशी तापलेली कढई आनली. बुढा म्हने, "बाई, माह्या बापाचं नाव लिवलं का?" मी पाह्यलं तं त्याच्या बापाच्या खान्यात मी 'काटना' टाइप करून ठेवलं होतं.

तू आमचा ट्रक एकच डाव पाह्यला, तो बी दुरून. तो माह्यापेक्षा एका वर्षानं मोठा हाये. बाबा आधी जिनिंगमंदी कापसाचे बोरे उचलत, मंग क्लिनर झाले, मंग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, अन् मी पाच वर्साची असताना हा जुना सहाचाकी घरी आला. आई सांगते, त्या दिवशी बाबा जेवले नाई, केबिनमंदीच बसून राह्यले, काचंवरची धूळ बी पुसू देल्ली नाई, म्हने राहू दे, जशी हाये तशी पाहू दे. ह्या जुन्या गाड्याईचं असं राह्यते, ड्रायव्हर अन् क्लिनरच्या मधात इंजनाची पेटी, लोखंडी, वर गोधडी टाकलेली. मी त्या पेटीवर झोपून मोठी झाली. खरंच सांगतो. शाळा नसली की बाबा न्यायचे, बोथवरून आदिलाबाद, कदी निर्मल, कदी बासर, अन् मी पेटीवर पोटावर पडलेली, पोटातून दातापर्यंत ते इंजन वाजते ना, घर्र घर्र, तसं वाजत राह्याचं. ते थांबलं की मले जाग यायची. लोकाईच्या लेकराले आवाजानं जाग येते, मले आवाज थांबल्यानं. ITI मंदी डिझेल मेकॅनिकचा फॉर्म भरला तवा सारे म्हनले, पोरीची जात, काऊन व? मी काय सांगनार होती? हेच्यासाठी, पोटात वाजते म्हनून? पास झाली, सारी पोरं कुठी ना कुठी गॅरेजले लागली, अन् मी मीसेवात. मले तिथं लाइनीतल्या लोकाईचे चेहरे बी कदी कदी पिस्टनसारखे दिसते, एक वर येते, एक खाली जाते. हसली का? हे हसायचं नोतं.

आता लिकेज. दीड वर्सापासून ट्रक ऑइल गाळून राह्यला होता. उभा राह्यला तिथं काळा डाग. घरापुढं डाग, पंचायतीपुढं डाग, बुद्धविहाराच्या वाटेवर डाग, तिथं तं धोंडीबा आजानं काठीनं गोल आखून ठेवला होता अन् बाबाले म्हने, "चंपत, हे तुह्या गाडीचं वंदन हाये का?" लोक हसले, बाबा बी हसले. पन जिनिंगवाले हसले नाई. तुले माहीत हाये, तिथं फरशीवर कापूस पडलेला राह्यते, पांढरा फेक, अन् एक थेंब ऑइल पडला की तेवढा ढीग गेला. दसऱ्याच्या नंतर वॉचमननं गेटच नाई उघडलं. एका जिनिंगनं केलं, मंग दुसऱ्यानं, मंग साऱ्यानं. ऐन कापसाच्या दिवसात बाबा घरी. सकाळी उठून ट्रकखाली पोतं बदलायचे, जसं कोन्या बिमार मानसाचं आंथरून बदलते तसं, अन् दिवसभर दारात बसायचे. मी आठ दिवसानं घरी जायची तवा ते मले बसस्टँडवर घ्याले यायचे, मोटरसायकलवर, अन् आपल्याच गाडीच्या बाजूनं जाताना तिकडं पाहाचे नाई.

अन् त्याच्या आधी, पावसाळा लागताना, गोपालकाकाचं काय झालं ते ऐक, नाई तं पुढं तुले समजनार नाई. गोपाल मिस्त्री, हायवेवर बोथ फाट्यापाशी शेड हाये त्याईचं. बाबाचे वीस वर्साचे दोस्त. आमच्या गाडीले बाबा सोडून कोनाचा हात लागला असन तं त्याईचा. दोन-तीन वर्सातून एकदा टॅपेट तेच सेट करत, ऑइल तेच बदलत. त्याईनं गाडी पाह्यली, खाली झोपले, इंजन अन् गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल टपकून राह्यलं होतं, म्हने क्रँकचं मागचं सील गेलं, इंजनाच्या मागच्या तोंडाचं रबर. कोनीबी तेच म्हनलं असतं, आमच्या ITI च्या सरनं बी तेच म्हनलं असतं. दोन दिवस गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, चढवला. आठ दिवसानं परत थेंब. परत उतरवला, परत सील. परत थेंब. तवा बाबानं शेडमंदी, चार गिऱ्हाइकापुढं म्हनलं, "गोपाल, तुह्या हाताले आता जंग लागला." गोपालकाकानं, म्हने, हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, अन् दुसऱ्या गाडीखाली गेले. तवापासून बोलनं बंद. बाबा बोथले जाताना फाटा टाळून शेतातल्या रस्त्यानं जात. दोन किलोमीटर लंबा पडते तो.

मंग कोनी सांगतलं, निर्मलले मल्लय्या नावाचा बुढा मिस्त्री हाये, तेलुगू, आता काम करत नाई, पन नजर पक्की. बाबा गाडी घेऊन गेले. बुढा लग्नाले निघून राह्यला होता, पांढरं धोतर, तोंडात एक दात नाई. गाडीखाली पाह्यलं, वास घेतला, बोट लावलं, बोट वर केलं, अन् दोन डाव म्हनला, "पै मूत, पै मूत," अन् जीपमंदी बसून गेला. बाबाले तेलुगू बाजारापुरतं येते, किती, काय भाव, रा म्हंजे ये अन् पो म्हंजे जा. बाबानं ऐकलं, "पाह्य, मूत!" म्हंजे, पाह्य, तुह्या गाडीचं मूत! संग करण होता, आमच्या शेजारचा, तो तं हसून हसून पडला. गावात येऊन त्यानं हे साऱ्याईले सांगतलं, बुढ्यासारखं बोट वर करून. हास आता, इथं हसायचं होतं. पंधरा दिवसात ट्रकचं नाव 'मुतरी' पडलं. लेकरं मागं पळायचे, पाह्य मूत, पाह्य मूत. बाबानं एकाले मारलं बी. मले हे बाबानंच सांगतलं होतं, फोनवर, हसत, अन् मी बी हसली होती, शीतल. मी दहावीपर्यंत तेलुगू मीडियमले शिकलेली पोरगी, अन् मी बी हसली.

शनिवारी मीसेवाच्या मालकाले खोटं सांगून मी तीनची बस पकडली. बस भरलेली, मी दाराजवळ उभी, डोक्श्यात ते 'काटना' फिरून राह्यलं होतं. गाडी काटते म्हंजे काय करते ते मी एकदा पाह्यलं हाये, गॅसनं चेसिस कापते, अन् केबिन आधी काढून बाजूले ठेवते, जसं मुंडकं. मी केबिनच्या आतली गोधडी आठवून राह्यली होती, तिच्यावर निळ्या साडीचा तुकडा होता की हिरव्या, ते आठवेना, अन् ते आठवलं नाई तं आता कदीच आठवनार नाई असं वाटून राह्यलं होतं. तेवढ्यात माह्या पायापाशी एक बाई बसली होती, संग तिची पोरगी, अन् पोरीच्या मांडीवर दुधाचा स्टीलचा डबा. बस खड्ड्यातून गेली, दूध हिंदकळलं, माह्या चपलीवर आलं. बाई पोरीवर खेकसली, "पै मूत गट्टिगा पेट्टवे!"

पै मूत. पै म्हंजे वरचं. मूत म्हंजे झाकन! वरचं झाकन घट्ट लाव, व! शीतल, मी बसमंदी ओरडली. खरंच ओरडली, "झाकन!" साऱ्या बसनं वळून पाह्यलं, कंडक्टर म्हने, "काय सांडलं?" बाईले वाटलं मी चपलीवरून भांडून राह्यली, ती पदरानं माही चप्पल पुसाले लागली, अन् मी तिचा हात धरून हसून राह्यली, डोळ्यातून पानी. वरचं झाकन! टॅपेट कव्हर! इंजनाच्या डोक्यावर जे झाकन राह्यते ते! बुढ्यानं बोट वर काऊन केलं होतं? वर पाह्य म्हनून! तो शिवी नोता देऊन राह्यला, तो इलाज सांगून राह्यला होता, अन् आमी सहा महिने त्याच्यावर हसलो, गाडीचं नाव मुतरी ठेवलं, अन् आता तिले कापाले देऊन राह्यलो. ऑइल वरून, झाकनाच्या मागच्या अंगानं गळते, इंजनाच्या पाठीवरून उतरते, खाली जोडापाशी येऊन टपकते, अन् पाहनाऱ्याले वाटते क्रँकचं सील. मले साताठ किलोमीटर बसाले जागा नाई भेटली, अन् मले उभं राह्याले बी जागा पुरून नाई राह्यली.

घरी गेली तं बाबा दारात. मी बॅग बी खाली ठेवली नाई. "बाबा, मल्लय्या काय म्हनला होता, पुना सांगा, त्याच्यासारखं." बाबाचं तोंड उतरलं. "अर्पे, मी तुले ते पुसून टाक म्हनलं होतं." मी म्हनलं, "ते सोडा, सांगा!" आई आतून म्हने, "पोरगी शहरातून आली, पानी तं पिऊ द्या, आल्या आल्या मूत काऊन लावलं?" मी सांगतलं. बाबा ऐकत राह्यले, ऐकत राह्यले, मंग म्हने, "म्हंजे बुढ्यानं झाकन म्हनलं, अन् आमी मूत?" आई पदर तोंडाले लावून भिंतीले टेकली. "माय माय माय," म्हने, "सहा महिने माह्या नावाच्या गाडीले गाव मुतरी म्हनून राह्यलं, अन् ह्याईले झाकन समजलं नाई!" काचेच्या वर 'चंद्रभागा' लिवलं हाये ना, आईचं नाव. पन बाबा हसले नाई. म्हने, "झाकन गोपालनं पाह्यलं होतं. मी बी पाह्यलं. वर सुकं हाये. मी हात लावून पाह्यलं. कबाडीवाल्याले जबान देल्ली हाये मी, मंगळवारी येनार. आता अजून आस लावू नको, बाई." आस लावू नको. असं बाबा कदी बोलत नाई.

वर सुकं हाये. हे बी खरं होतं. मी त्या संध्याकाळी केबिनमंदी जाऊन बसली, गोधडी काढली (निळी होती), पेटी उघडली, हात आत घातला. इंजन थंडं, झाकनाच्या कडा सुक्या, नुसती धूळ अन् तेलकट काजळी, तशी तं साऱ्याच जुन्या इंजनाले राह्यते. मी पेटीवर बसली, मंग आडवी झाली, लहानपनी सारखी, आता पाय मावत नाई, ते गिअरच्या दांड्यावर येते. अन् पडल्या पडल्या माह्या अंगाले काई तरी आठवलं, शीतल, डोक्याले नाई, अंगाले. घाट. निर्मलच्या घाटात गाडी चढाले लागली की मी पेटीवरून मागं घसरायची. आई संग असली की फ्रॉक धरून ठेवायची. डोकं मागं, पाय पुढं, सारी मी मागच्या बाजूले गोळा. मी घसरायची, तं ऑइल बी घसरनारच ना! गाडीचं नाक वर झालं की झाकनाखालचं सारं ऑइल मागच्या कोपऱ्यात जमा होते, अन् तिथून बाहेर येते. गोपालकाकाच्या शेडची फरशी सपाट. आमचं आंगन सपाट. सपाट जागी ते निघनारच नाई. अन् बाबा मलेच सांगत, घाटातून आलो की डाग मोठा पडते, घरी उभी राह्यली तं लहान. सारं समोर होतं. मी पेटीवर एकटी हसत राह्यली, आई बाहेरून म्हने, "बापाची गेली, आता पोरीची बी गेली का?"

रविवारी सकाळी बाबा म्हने, एक दिवस तुहा, कर काय करते ते. नाराजीनंच म्हने, पन डिझेलचा डबा त्याईनंच आनून देल्ला. मी ब्रश घेऊन इंजनाची पाठ धुतली, वरून खालपर्यंत, तीन डाव, मंग चिंधीनं कोरडी केली, मंग आईच्या रांगोळीचं पीठ, ते पांढरं, मुठीमुठीनं साऱ्या जोडावर फेकलं. झाकनाच्या कडंले, ऑइल फिल्टरपाशी, खाली सीलच्या जोडाले बी. सारं इंजन पांढरं, जसं पिठाच्या गिरनीतून आलं. शेजारच्या रुक्माबाई म्हने, "अवं, संक्रांत तं गेली." मंग बाबानं ट्रक काढला, कालव्यापाशी नेला, अन् पुढची दोन चाकं बांधावर चढवली. नाक वर, शेपूट खाली. मी केबिनमंदी, पेटी उघडी, टॉर्च धरून, अन् बाबाले म्हनलं, "द्या रेस." बाबानं दाबलं. ते इंजन उघडं असते तवा आवाज कानात नाई, हाडात जाते. पीठ थरथरून राह्यलं होतं. एक मिनिट, काई नाई. दोन मिनिटं. खाली सील पांढरं फेक. फिल्टर पांढरा. वर पांढरं. बाबानं माह्याकडं पाह्यलं, मी पाह्यलं नाई. मले घाम, डिझेलच्या वासानं डोकं भनभन, अन् मले एकदम वाटलं, आपुन चूक असलो तं? बसमंदी ओरडलो, मालकाले खोटं बोललो, बापाले आस लावली, अन् तो बुढा खरंच मूत म्हनला असन तं? अन् तेवढ्यात, झाकनाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर एक ठिपका. मुंगीएवढा. तो मोठा झाला. तुरीच्या दान्याएवढा. मंग तो चालाले लागला, शीतल, खरंच चालाले लागला, पिठावरून खाली, काळी बारीक रेघ, वळसा घेऊन, इंजनाच्या डोक्याच्या मागून, ब्लॉकवरून, सरळ खाली त्या जोडापाशी, अन् तिथं थांबून थेंब झाला, अन् पडला. "बाबा!" मी म्हनलं. बाबा रेस सोडून वाकले, त्या रेघेकडं पाहत राह्यले. मंग बोट वर केलं, अन् एकदम बुढ्याच्या आवाजात म्हने, "पै मूत." अन् असे हसले, असे हसले की स्टिअरिंगवर डोकं लागून हॉर्न वाजला.

आता खरं सांगाचं ते ऐक. इंजन थंडं झालं, बाबा मोटरसायकलवर बोथले गेले, नवीन पॅकिंग आनाले. झाकन अन् इंजनाच्या मधात जे राह्यते ना, कॉर्कची पट्टी, तिले पॅकिंग म्हनते. मी एकटी. मी बोल्ट खोलले, झाकन उचललं, अन् जुनं पॅकिंग माह्या हातात आलं. अन् मी त्याच्याकडं पाह्यलं अन् माह्या हाताले ते वळखू आलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात गोलाई बरोबर नाई, पायरी पायरीनं कापलेली, अन् तिथं फट भराले लाल पेस्ट थापलेली, वाळून तडकलेली. ते माह्यं होतं, शीतल. ते मी कापलं होतं. दोन उन्हाळ्याआधी, ITI चं पहिलं वर्स झालं होतं, बाबा मामाच्या मयतीले गेलते, दोन दिवस गाडी उभी, अन् मले पाहाचं होतं. नुसतं पाहाचं होतं, व्हॉल्व कसे बसते ते, वर्गात फळ्यावर काढत ते खऱ्यात कसे दिसते. झाकन उघडलं तं पॅकिंग फाटलं. मी घाबरली. कॉर्कची शीट आनली, आईच्या शिलाईच्या कैचीनं कापली, पेस्ट लावली, बंद केलं, चिंध्या जाळल्या, हात धुतले. बाबा आले, गाडी चालू केली, चालली. मी विसरली. असं कसं विसरते मानूस? मले बी नाई समजत. म्हंजे आठवत होतं, पन ते उघडनं आठवत होतं, ते चमकते व्हॉल्व, ऑइलचा मधासारखा रंग. कैची नोती आठवत. दीड वर्स मी लिकेजवर बाबाशी फोनवर बोलली, सीलबद्दल बोलली, गोपालकाका आता म्हातारे झाले असं बी म्हनली, मीच म्हनली, अन् एकदा बी कैची नाई आठवली. मी ते पॅकिंग धरून बांधावर बसून राह्यली. समोर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, बोंडं उललेली. ते मी कालव्यात फेकू शकत होती. मी उठली बी. पन तेवढ्यात मोटरसायकल आली.

नवीन पॅकिंग मी असं बसवलं, तू पाहाले पाहजे होतं. जागा खरडून, पुसून, कोरडी करून, बोल्ट मधून सुरू करून बाहेरपर्यंत, एक इकडं एक तिकडं, जास्त नाई दाबाचं, कॉर्क बाहेर निघते. डोक्यात कैची फिरून राह्यली होती, पन बोल्ट बरोबर बसून राह्यले होते, हाताचं अन् माह्यं जसं काई बोलनंच नोतं. परत पीठ. परत बांधावर. पंधरा मिनिटं रेस. पांढरं, शीतल! सारं पांढरं! बाबानं कोपऱ्यात बोट फिरवलं, पीठ लागलं ते बोट मले दाखवलं, आईले दाखवलं, रुक्माबाईले दाखवलं, रस्त्यानं एक मेंढीवाला जाऊन राह्यला होता, त्याले बी दाखवलं. तिथंच उभं राहून कबाडीवाल्याले फोन लावला: "भाई, मत आओ. गाडी ठीक हो गई. किसने की? मेरी बेटी ने की!" त्यानं तिकडून शिव्या देल्ल्या असतीन, बाबा म्हने, "हाँ हाँ, मेरी जबान गई, जाने दो," अन् हसत राह्यले. अन् मंग खाली वाकून जुनं पॅकिंग उचललं. माह्या पायापाशी होतं, मी पाय ठेवून उभी होती. "काढ पाय," म्हने. पाह्यलं, ती लाल पेस्ट नखानं खरडली. बाबाचं तोंड कडक झालं. "हे झाकन गोपालशिवाय कोनी खोलत नाई," म्हने. "असं काम करून मले दोन डाव गिअरबॉक्स उतरवाले लावला! चल. बस गाडीत." मी म्हनलं, "बाबा, जाऊ द्या ना." म्हने, "जाऊ द्या काऊन? तू त्याचा गुन्हा पकडला, त्याले दाखवाले नको?"

फाट्यापर्यंत नऊ किलोमीटर. कितीक महिन्यानं बाबा सरळ रस्त्यानं गेले. गाडी अशी चालून राह्यली होती, मी पेटीवर हात ठेवून बसली, खाली तेच घर्र घर्र, गरम, अन् मले एकाच टायमाले नाचावं वाटून राह्यलं होतं अन् दार उघडून उडी मारावी वाटून राह्यली होती. दर किलोमीटरच्या दगडापाशी मी म्हनलं, आता सांगतो. बाबा गाणं म्हनून राह्यले होते. बाबा! गाणं! शेडपाशी गाडी थांबवली, गोपालकाका एका ट्रॅक्टरपाशी बसले होते, उठले. चार मानसं चहा पिऊन राह्यले होते. बाबा उतरले, पॅकिंग त्याईच्या हातात देल्लं. "घे. तुह्या हातचं हाये. माह्या पोरीनं पकडलं. झाकनातून गळत होतं, तू सील बदलत बसला." गोपालकाकानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. पॅकिंग उलटं केलं, सुलटं केलं, अन् त्या गोलाईवरून अंगठा फिरवला, हळू, पायरी पायरीवरून.

तुले माहीत नसन, मिस्त्री लोक पॅकिंग कैचीनं कापत नाई. शीट त्या जागेवर ठेवते अन् बारीक हातोडीनं कडंकडंनं ठोकते, टक टक टक, लोखंडाची धारच ते कापते, गोलाई जशीच्या तशी येते. कैची म्हंजे शिलाईचं काम. बायाईचं. गोपालकाकाचा अंगठा थांबला, अन् त्याईनं वर पाह्यलं. बाबाकडं नाई. माह्याकडं. तीन सेकंद असन, चार असन. त्याईले समजलं होतं, शीतल, सारं समजलं होतं. अन् त्याईनं चष्मा परत वर केला अन् बाबाले म्हनलं, "हो चंपत. माह्याच हातचं हाये. घाईत कापलं असन. चुकलं माह्यं."

बाबा भांडाले आले होते, तयारी करून आले होते, अन् ते एकदम रिकामे झाले. "नाई रे," म्हने, "असं... होते मानसाकडून." मंग बाबानं गोपालकाकाच्या खांद्यावर हात ठेवला, ऑइलचा, अन् सदऱ्यावर पंजा उमटला, अन् ते चहावाले लोक हसाले लागले, गोपालकाका म्हने, "आता हा डाग कोन काढन, तुह्यी पोरगी?" अन् खुर्ची आली, चहा आला, मल्लय्याची गोष्ट निघाली, मूत अन् झाकन, सारं शेड लोळलं. अन् त्या हसन्यात गोपालकाका माह्याकडं न पाहता म्हने, "चंपत, हिले त्या मीसेवात काऊन सडवून राह्यला? माह्याकडं पाठव. सोमवारपासून. डोकं हाये पोरीले. हात... हात मी शिकवतो." बाबानं माह्याकडं पाह्यलं, असं पाह्यलं शीतल, जसं त्या दिवशी धूळ बी न पुसता ट्रककडं पाह्यलं असन. पास झाल्यापासून मी हेच मागून राह्यली होती, कोनी बी गॅरेजवाल्यानं पोरगी म्हनून उभं नाई केलं. साऱ्याईची तोंडं माह्याकडं. पॅकिंग टेबलावर, चहाच्या गिलासापाशी, त्याच्यावर एक माशी. गोपालकाका बशीत चहा ओतून राह्यले होते, लय वेळ ओतून राह्यले होते, अन् मले समजून राह्यलं होतं की ते थांबले हाये, मी बोलाची वाट पाहून राह्यले हाये, का न बोलाची, ते नाई समजलं.

मी म्हनलं, "येतो काका." बस. एवढंच म्हनलं. उद्या सोमवार हाये. सकाळी नऊले तिथं जाऊन त्याईच्या बाजूले उभं राह्याचं हाये मले, हातात हातोडी घेऊन. बाबा आत्ताच गावभर सांगत फिरून राह्यले की माह्या पोरीनं गोपालची चूक पकडली. हसू नको ना व. खरं सांग, तू असती त्या खुर्चीवर, तं तू काय केलं असतं?